सतरा नंबरची पिवळी पाटी

आमच्या घरात शिरणाऱ्या माणसाला आधी हळदीचा वास यायचा आणि मग एरंडेल जळाल्याचा. हळदीचं कारण साधं होतं. आमचं घर सांगलीच्या मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, दोन गोदामांच्या मधोमध होतं. सौद्यांच्या दिवसांत पोती झाडली की पिवळी धूळ खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिंपाच्या झाकणावर बसायची. आई रोज पुसायची आणि रोज कुरकुरायची. लहानपणी मला पांढरा फ्रॉक कधी मिळाला नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी पांढरा राहिला नसता. एरंडेलाचं कारण मात्र पाहुण्यांना समजावून सांगावं लागायचं आणि ते सांगायचं आम्ही सगळेच टाळायचो. कुणी तेलाचा दिवा लावतं, कुणी तुपाचा. आमच्या देव्हाऱ्यात थोरली आई एरंडेलाचा दिवा लावायची. त्याची काजळी भिंतीवर चढत चढत छतापर्यंत गेली होती आणि दर दिवाळीला पप्पा तेवढा भाग सोडून घर रंगवायचे.

थोरली आई म्हणजे माझी चुलती, पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. ते धनाजीकाका माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेले. पलटणीत होते, आणि सुट्टीवर आले की माळावरच्या मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरायचे. गाडी परदेशी बनावटीची, उंच मडगार्डांची आणि रुंद हँडलची, मिलिटरीच्या लिलावातून हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत आलेली. शर्यतीच्या त्या गाड्यांच्या पेट्रोलात एरंडेलापासून केलेलं तेल मिसळायचे, म्हणून त्या जिथून जातील तिथे तो गोडसर जळका वास मागे रेंगाळायचा. लग्नाला महिनाही झाला नव्हता, अंगाची हळद उतरली नव्हती, आणि काका लोणंदच्या बाजूच्या एका माळावर शर्यतीला गेले. ओल्या हळदीच्या माणसानं असं रानामाळात जाऊ नये म्हणतात. घरातल्यांनी सांगून बघितलं, पण ते कुणाचं ऐकणाऱ्यांतले नव्हते. शेवटच्या फेरीत इतका धुरळा उठला की कोण कुठे आहे ते कुणालाच दिसेना. धुरळा बसला तेव्हा बाकीच्या सगळ्या गाड्या आल्या होत्या आणि सतरा नंबरची आली नव्हती. ती एका बांधापलीकडे सापडली.

थोरली आई तेव्हा औंधजवळच्या आमच्या गावी होती. पुढचं सगळं ती सांगायची तेव्हा तिचा आवाज कधी चढायचा नाही की भरून यायचा नाही. भर दुपारी ती चुलीपुढे बसून हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं ढवळत होती. गाडीचा आवाज आला, जवळ आला, दारात येऊन थांबला. ती तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेली. दारात कुणी नव्हतं, नुसता तो वास होता. दिवस कलला तेव्हा माणसं आली आणि त्यांनी गाडीची पुढची नंबराची पाटी तिच्या हातात दिली. बाजूच्या दोन पाट्या फुटून गेल्या होत्या. "ह्ये आधी घरी आले," ती म्हणायची, "मानसं मागनं आली." संदीपदादा तिच्या पोटात होता हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर माणसाची आकृती ठोकून उठवलेली. तो देव्हाऱ्यात यमाईच्या आणि खंडोबाच्या टाकाशेजारी बसवायचा, त्यांच्याबरोबर न्हाऊ घालायचं, त्यांच्याबरोबर नैवेद्य दाखवायचा. मग गेलेला माणूस आपल्या जागी बसतो, वाटेवर राहत नाही, असं मानतात. आमच्या देव्हाऱ्यात पणजोबांचा टाक होता, आजोबांचा होता, दोघेही घोड्यावर बसलेले. जन्मात कधी घोड्यावर बसले नसतील, पण सोनाराकडचा ठसाच तसा. धनाजीकाकांचा टाक मात्र नव्हता. भावकीतल्या थोरामोठ्यांनी थोरल्या आईला किती वेळा सांगितलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "टाक गेलेल्या मानसाचा करत्यात. ह्ये अजून येत्यात." टाकांच्या रांगेत जिथे काकांची जागा असायची, तिथे तिनं ती गाडीची पाटी उभी केली होती. लंबगोल, पिवळी जर्द, त्यावर काळा सतरा. रोज सकाळी ती तिला बोटानं हळद लावायची. विधवा बाई, स्वतःला हळदीकुंकू लावत नसे, पण तिच्या उजव्या हाताचं बोट बारा महिने पिवळं असायचं.

आणि ते यायचे. हे मी आज या वयात लिहिते आहे, डोक्यावर परिणाम झालेला नाही, आणि कुणी हसलं तरी माझी हरकत नाही. रोज नाही, पण काही दुपारी, ऊन अगदी डोक्यावर आलं की, थोरली आई हातातलं काम थांबवायची. आधी मांडणीवरचे पेले झणझणायला लागायचे, गल्लीतून मोटारसायकल जाताना झणझणतात तसे. मग दिव्याची ज्योत दाराकडे कलायची. वारा आत आला तर ज्योत आतल्या बाजूला कलेल; ही बाहेरच्या बाजूला कलायची. थोरली आई तांब्याभर पाणी उंबऱ्यावर ठेवायची आणि वाटीभर माडगं देव्हाऱ्यापुढे. पेले शांत व्हायचे. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मला लहानपणी कळलं नाही. माझं लग्न झालं, नवरा परगावी नोकरीला राहिला, आणि शनिवारी दुपारी फाटक वाजलं की माझाच चेहरा आरशात तसा दिसायला लागला, तेव्हा कळलं. पप्पा म्हणायचे की हळदीच्या टेम्पोंमुळे पेले हलतात. मी बारावी सायन्सची, मला ते पटायचं. फक्त यार्ड बंद असलेल्या दिवशीही पेले का हलतात, ते पप्पा सांगायचे नाहीत आणि मीही विचारायचे नाही.

पप्पांचं रेडियमचं दुकान होतं. गाड्यांच्या नंबरप्लेटी, टाकीवरचे पट्टे, काचेवरची नावं, ट्रॅक्टरच्या मागे लिहायचे आईवडिलांचे आशीर्वाद. बारावीनंतर मी दिवसभर तिथेच असे. मला ते काम फार आवडायचं. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, प्लॉटर तो चिकट फिल्मवर कापायचा, मग नको असलेला भाग ब्लेडच्या टोकानं उचलून काढायचा, साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म जागेवर सरकवायची आणि पट्टीनं पाणी बाहेर ढकलायचं. एकही बुडबुडा राहता कामा नये. आता माझी बोटं थरथरतात आणि साधी साबणाची वडी हातातून निसटते, पण त्या वयात माझा हात असा होता की गिऱ्हाईक येऊन सांगायचं, प्लेट तुमच्या पोरीकडनंच चिकटवून द्या. पप्पा तोंड वाकडं करायचे आणि मनातून खूश व्हायचे.

त्या उन्हाळ्यात संदीपदादा सुट्टीवर आला. तोही पलटणीतच. आल्या दिवशी भाकरी खाता खाता त्यानं मोबाइल पुढे केला. साताऱ्याकडच्या काही हौशी पोरांनी जुन्या गाड्यांची शर्यत ठरवली होती, लोणंदजवळच्या माळावर. दादाला बापाची गाडी दुरुस्त करून त्या शर्यतीत उतरायचं होतं. गाडी आमच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली इतकी वर्षं उभी होती की कोंबड्यांनी तिच्या सीटवर अंडी घातली होती. दादाला बापाचा एक फोटोसुद्धा धड मिळालेला नव्हता. लग्नातला होता तो मुंडावळ्यांनी झाकलेला. बाप जिथून पुढे गेलाच नाही तिथून आपण एकदा पुढे जाऊन यावं, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि ते त्यानं सरळ बोलून दाखवलं. आई तव्यासमोर थिजली. पप्पांनी वहिनीकडे बघितलं. थोरल्या आईनं नको म्हटलं नाही. तिनं त्याला दुसरी भाकरी वाढली, वर खर्डा ठेवला आणि कोणत्या माळावर एवढंच विचारलं. दादानं सांगितलं. ती उठून देव्हाऱ्यातल्या दिव्यात तेल घालायला गेली.

दादानं आणि गल्लीतल्या एका मेकॅनिकनं मिळून गाडी उभी केली. ज्या दुपारी ती पहिल्यांदा किकला लागली, त्या दुपारी धूर घरभर झाला. तो आमच्या देव्हाऱ्याचाच वास होता. आई नाकाला पदर लावून बाहेर गेली, थोरली आई मात्र खांबाला टेकून डोळे मिटून उभी राहिली. पाट्यांचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शर्यतीच्या गाडीला तीन पाट्या असतात, एक पुढे आणि दोन बाजूंना, आणि धुरळ्यातही नंबर वाचता यावा म्हणून त्याच्यामागे एका रंगाची सपाट जमीन लागते. दुकानात आम्ही तिला बॅकग्राऊंड म्हणायचो. दादाला सगळं हुबेहूब पाहिजे होतं. तोच लंबगोल, तोच पिवळा, तोच सतरा. नमुना घरात होताच. फक्त तो देव्हाऱ्यातून उचलायची सोय नव्हती.

मी पिवळ्या फिल्मचे तुकडे घेऊन घरी यायचे आणि पाटीशेजारी धरून बघायचे. एकही जुळेना. दुकानात डोळे मिटून जुळतो म्हणावा असा तुकडा देव्हाऱ्यापुढे आला की हिरवट तरी दिसायचा नाहीतर तांबूस. पप्पांना विचारलं तर त्यांनी तुकड्यांकडे नीट बघितलंही नाही. भाऊ गेला तेव्हा ते शाळेत होते, त्यांना पाटी आठवत असणार. पण ते एवढंच म्हणाले की वैनी पिवळी म्हणत्यात तर पिवळीच. शेवटी मी ठरवलं की आधी आकार तरी उतरवून घ्यावा. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. थोरली आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. मी तिची परवानगी घेतली, बटर पेपर ओला केला, पाटीवर अलगद बसवला आणि कडेनं पेन्सिल फिरवली. कागद उचलला तेव्हा एका कडेची हळदीची खपली त्याच्याबरोबर निघून आली. खाली पांढरं होतं. दह्यासारखं स्वच्छ पांढरं.

मी वळून बघितलं. थोरली आई माझ्याकडेच बघत होती, तांदळातला हात तसाच. मला वाटलं ती रागावेल. ती शांतपणे म्हणाली, "पांढरीच हुती गं. म्या पिवळी केली." मी विचारलं, कशाला. तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि मग सांगितलं, तेही भाजीचा भाव सांगावा अशा आवाजात. काकांची शर्यत संपलेली नाही. त्यांना झेंडा दिसलेला नाही. ते अजून फेरी मारताहेत. धुरळ्यात त्यांना काय दिसतं, तर फक्त रंग. माळावरच्या पाट्या पांढऱ्या, म्हणून घरची तिनं पिवळी केली, म्हणजे फिरता फिरता त्यांना घर ओळखू येईल आणि ते घटकाभर टेकतील. तिचा हात पुन्हा तांदळात फिरायला लागला.

"त्या गाडीला पांढरी पाटी लागली तर ह्ये तिच्या मागं जातील," ती म्हणाली. "मग घराकडं कशापायी वळतील? तू पिवळीच कर, आरू. संदीपला सांगू नगं."

मी त्या वयात हुशार होते असा माझा समज होता. मला वाटलं तिला पोराची काळजी आहे, बापाच्या मागोमाग पोरगंही त्या बांधावर जाईल या भीतीनं ती असं बोलते आहे. भीती तर मलाही वाटत होती. दादा माझ्याहून बराच मोठा, पण मला सायकल त्यानं शिकवली होती. मी मान डोलावली. खपली निघालेल्या जागी थोरल्या आईनं बोटानं हळद भरली आणि ती जागा पुन्हा दिसेनाशी झाली.

पाट्या आम्ही एका जुन्या निळ्या पिंपाच्या प्लॅस्टिकमधून कापल्या. ते लवचीक असतं, गाडी पडली तरी फुटत नाही. पण निळ्यावर पिवळी फिल्म चिकटवली की ती हिरवी दिसते, कारण पिवळी फिल्म पातळ असते, खालचा रंग वर दाखवते. म्हणून आधी पांढरी फिल्म चिकटवायची, तिच्यावर पिवळी, मग पिवळं खुलून येतं. दुकानात शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच सांगतात. मी पांढरी चिकटवली, पाणी काढलं, आणि लंबगोल पांढऱ्या तीन पाट्या भिंतीला टेकवून पिवळी कापायला वळले. मागे वळले तेव्हा पुढच्या पाटीवर, फिल्मखाली, एक बुडबुडा उठला होता. पट्टीनं काढला. परत आला, त्याच जागी. घरच्या पाटीवरची खपली जिथून निघाली होती ना, त्याच कडेला. मी टाचणीनं टोचून हवा काढली, ड्रायर फिरवला आणि वरून पिवळी दाबून बसवली. मग काळा सतरा लावला. दादा बघून इतका खूश झाला की त्यानं मला भडंगाचा मोठा पुडा आणून दिला. मी तो खाल्ला, पण त्या तीन पाट्यांकडे पाठ करून बसायला मला त्या दिवशी बरं वाटत नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. नव्या गाडीला ओवाळतात तसं थोरल्या आईनं गाडीला ओवाळलं, लिंबू बांधलं, कुंकू लावलं. मग तिनं घरात जाऊन दिव्यातल्या एरंडेलात हळद कालवून आणली आणि तिन्ही पाट्यांना कडेकडेनं बोटानं लावली, पिवळ्यावर पिवळं. फिल्मच्या कडेला तेल लागलं की चिकटपणा सुटतो हे मला माहीत होतं. सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या बोटाकडे बघून मिटलं. आई, पप्पा, दादा आणि मेकॅनिक टेम्पोतून गेले. थोरली आई येणार नव्हती, तिला एकटीला ठेवायचं नाही म्हणून मी मागे राहिले. तिनं चुलीवर माडगं चढवलं. गॅस असताना त्या दिवशी तिनं अंगणात चूल मांडली होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर माळ होता, उघडाबोडका, टँकरनं पाणी मारलेला आणि तरी धुरळ्यानं भरलेला. गाड्या सुटल्या. त्यांचा आवाज फोनमधून डबा वाजवल्यासारखा येत होता. दादा पहिल्याच फेरीत मागे पडला आणि मागेच राहिला, आणि मला हायसं वाटलं. तो पप्पांसमोरून गेला तेव्हा पुढची पाटी चिखलानं माखलेली होती. त्यानं हातमोज्यानं पुसली. पुढच्या फेरीला तो आला तेव्हा पिवळी फिल्म एका कडेनं उचलली गेली होती आणि फडफडत होती. कोणत्या कडेनं ते मी सांगायला नको. त्याच्या पुढच्या फेरीला अर्धी पाटी पांढरी होती. सतराचा आकडाही पिवळ्याबरोबर फाटून गेला होता, त्यातला एक उरला होता.

मांडणीवरचे पेले झणझणायला लागले.

फोनमधल्या आवाजानं नाही. तो एवढासा होता. हा आवाज जमिनीतून येत होता, माझ्या तळव्यांना कळत होता. दिव्याची ज्योत दाराकडे आडवी झाली, इतकी आडवी की वातीपासून सुटेल असं वाटलं. थोरली आई उठली, पण पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याकडे गेली नाही. ती माझ्याशेजारी येऊन फोनपुढे बसली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तिनं माझा हात धरला. पडद्यावर बाकीच्या गाड्या कधीच पोहोचल्या होत्या, पोरं टाळ्या वाजवून पांगायला लागली होती आणि दादा एकटाच शेवटच्या फेरीत होता. तो बांधाच्या वळणावर आला. पाटी आता पूर्ण पांढरी होती. ती धुरळ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. चित्र हलत होतं. कोरा धुरळा. कितीतरी वेळ नुसता धुरळा. मी देवाचं नाव घेत होते. थोरली आई नाव घेत नव्हती, ती हळू आवाजात म्हणत होती, "वळा. वळा की. हिकडं वळा."

मग दादा बाहेर आला, सावकाश, सरळ बसलेला. काळापांढरा झेंडा खाली आला. आणि त्याच क्षणी पेले थांबले. हळूहळू नाही, कुणीतरी तळहात ठेवावा तसे. ज्योत सरळ उभी राहिली. फोनमधून पप्पांचा आणि आईचा रडका-हसरा गलका येत होता. मीही रडत होते आणि थोरल्या आईच्या गळ्यात पडून सांगत होते की दादा आला, सुखरूप आला. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचे डोळे दाराकडे होते.

दादा संध्याकाळी घरी आला तो चिखलानं ओळखू न येण्यासारखा झाला होता. अंघोळही न करता पायरीवर बसला आणि थोरल्या आईकडे बघून म्हणाला, "शेवटच्या फेरीला माझ्या म्होरं एक गाडी हुती. बांधापाशी मला काय बी दिसंना, मी तिच्या मागनं वळलो." मेकॅनिक म्हणाला की पुढे कुणी नव्हतं, सगळे कधीच पोहोचले होते.  दादा एवढंच म्हणाला, "झेंडा पडला तवा ती माझ्या आधी गेली. म्या बाजूची पाटी बघितली. पांढरी हुती." पप्पा चपला काढता काढता थांबले. थोरल्या आईनं लेकाच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला, त्याला आत नेलं आणि माडगं वाढलं. देव्हाऱ्यापुढे ठेवलेली वाटी तशीच होती, वर साय धरलेली.

नंतरचे दिवस मला त्या दिवसापेक्षा जास्त आठवतात. दुपार झाली की थोरली आई हातातलं काम थांबवून बसायची. पेले मांडणीवर ओळीनं उभे असायचे, टेम्पो गल्लीतून जायचे, यायचे, आणि एकही पेला हलायचा नाही. उंबऱ्यावरचा तांब्या ती संध्याकाळी उचलून तुळशीला ओतायची. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तिला लेकाची भीती नव्हतीच, किंवा होती त्याहून मोठी दुसरी होती. माळावर नवरा गेला तेव्हा ती विधवा झाली असं जग म्हणत होतं. ती झाली नव्हती. ती आता झाली, पन्नाशी उलटल्यावर, एका सुट्टीच्या दुपारी, माझ्या शेजारी बसून. मला तिच्याकडे बघवत नसे. मी दुकानात उशिरापर्यंत थांबायला लागले आणि पप्पाही मला काही म्हणत नसत.

एक दिवस सकाळी मी उठले तेव्हा ती मोरीत बसून चिंचेच्या पाण्यानं पाटी घासत होती. पिवळं पाणी वाहत वाहत गटारात जात होतं, इतकं की संपतं की नाही असं वाटावं. शेवटी पाटी पांढरी झाली. तिनं ती पदरानं कोरडी केली आणि दादाच्या हातात दिली, म्हणाली, गाडीला लाव. मग पप्पांना म्हणाली की आज दुकान उशिरा उघडा, सोनाराकडे जायचं आहे. मी तिच्याबरोबर गेले. सराफकट्ट्यावरच्या म्हाताऱ्या सोनारानं चांदी तोलली, नाव विचारलं. ती नवऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून ते मी सांगितलं. मग त्यानं ठशांचा डबा काढला आणि सवयीनं घोडेस्वाराचा ठसा वर काढून तिच्यापुढे धरला.

थोरल्या आईनं त्या ठशाकडे पुष्कळ वेळ बघितलं. तिचा हात काउंटरवर होता, आणि त्या बोटाची हळद पार उतरलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"घोडा नगं," ती म्हणाली. "लय फिरले. आता बसलेलं काडा."